गोड्या पाण्याचा दिवस

कार्तिक लागला की माझ्या तळपायांना आधी कळतं. पहाटे फरशी गार लागते आणि दुपारी तीच फरशी कोरडी, करकरीत होते. पावसाळाभर फुगून बसलेलं न्हाणीघराचं दार एका सकाळी मुकाट्यानं लागतं. आता आमच्याकडे कापणी नाही, खळं नाही, खाचरांच्या जागी इमारती आहेत आणि त्यातल्याच एकीत चौथ्या मजल्यावर मी राहते. तरी महिना यायचा तो येतोच. त्याला कोण अडवणार?

यंदा कार्तिकाबरोबर नातसुनेच्या फोनमध्ये एक गाडी आली. चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, भांडी घासायला मोरी, खिडक्यांना पडदे. कॅरॅव्हॅन म्हणतात म्हणे. ती भाड्यानं घ्यायची, बागा बघायच्या, लहान लहान गावांतून हिंडायचं, असा बेत. नातू म्हणाला, "आजी, तुला नाही झेपायचं. दिवसभर गाडीत बसून राहावं लागतं."

"मग इथं मी काय करते? बसलेलीच असते ना?" मी म्हटलं. "आणि असल्या गाडीतून हिंडलेली ह्या घरात मी एकटी आहे. पहिल्यांदा जाणार ते तुम्ही."

ते दोघं हसले. मी नाही हसले. माझी पिशवी भरली, औषधांचा डबा वर ठेवला, विषय संपला.

आमच्या गाडीला बैल होते, एवढाच काय तो फरक. वर बांबूच्या तट्ट्याचं कमानीसारखं छत, आत पेंढा, पेंढ्यावर गोधडी. अशा तीन गाड्या एकामागोमाग निघायच्या आणि तिन्ही हाकायच्या बायका. देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी लग्न होऊन डोंबिवलीच्या पश्चिमेला खाडीकाठी आले त्याला दोन वर्षं होत होती. स्टेशनापासून आमच्या घरापर्यंत तेव्हा मध्ये फक्त भातखाचरं आणि दोन चिंचा. पावसाळ्यात भात करायचं आणि पुढं मीठ. मिठागराला आमच्याकडे आगर म्हणत. दिवाळी झाली, भात झोडून झालं की आगराचे बांध नीट करायचे, मग भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं. ह्या दोन कामांच्या मध्ये एक दिवस मोकळा राहायचा, आणि तो बायकांचा असायचा. सासूबाई सांगायच्या, जमिनीत खारं पाणी घ्यायच्या आधी तिला एकदा गोडं पाणी दाखवावं, नाहीतर ती रुसते. म्हणून घरातल्या बायकांनी नदीवर जायचं, हंडे भरून आणायचे आणि पहिल्या वाफ्याच्या बांधावर शिंपडायचे. भरतीचं खारं पाणी कल्याणपर्यंत चढतं, तेव्हा त्याच्याही वर, शहाडला जायचं. शहाड म्हणजे माझं माहेर. माझा बाप तिथं नदीकाठच्या एका वाडीत माळीकाम करायचा.

लोकांना वाटतं, त्या काळच्या बायका सोसून सोसून गप्प झालेल्या. माझ्याविषयी कुणी तसं लिहू नये म्हणून मीच लिहिते आहे. शाळेत मी गेले नाही, अक्षरं दुकानांच्या पाट्यांवरून आणि पुड्यांच्या कागदांवरून उचलली, पण जे उचललं ते खाली ठेवलं नाही.

तर मला बाग हवी होती. बाग म्हणजे काय, घरामागं चार खाटा मावतील एवढा एक तुकडा पडून होता, तेवढाच. माहेरी मी झोपेतून उठले की दाराबाहेर अनंत, मोगरा, चाफा. सासरी आले तर दाराबाहेर पांढरं. उन्हाळ्यात जमिनीवर मिठाची साय धरायची. तुळससुद्धा दरवर्षी नवी लावावी लागायची. त्या तुकड्यावर माझ्या मोठ्या दिरांचा, धर्माभाऊजींचा डोळा होता. त्यांना तिथं मिठाच्या गोणी ठेवायला शेड घालायची होती.

मोठ्या दिराशी तेव्हा सून सरळ बोलत नसे. पदर पुढं ओढायचा आणि जे बोलायचं ते सासूला उद्देशून बोलायचं. दीरही तसंच उत्तर द्यायचे. मधली बाई मात्र दोघांचं दोनदा ऐकायची.

"आई, भाऊजींना सांगा, शेड दुसरीकडं घाला. मला तिथं झाडं लावायची आहेत."

"आये, तिला सांग, हितं मीठ पिकतं, फुलं नाय."

"आई, त्यांना सांगा, लावून बघितल्याशिवाय कसं कळलं?"

"आये, तिला सांग, होळीपर्यंत एक फूल दाखव म्हनावं. दाखवलं तर जागा तुजी. नाय तर होळीच्या दुसऱ्या दिवशी मी बांबू रोवनार."

सासूबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्या म्हणाल्या, "दोघांचं आयकलं. आता मला तांदळातले खडे दिसू द्या."

शर्त लागली ती अशी. आमचे हे तिथंच ओसरीवर होते, पण मोठ्या भावापुढं त्यांना नेमकी खोकल्याची उबळ यायची.

जायच्या आदल्या दिवशी मी घरातल्या चांगल्यातल्या चांगल्या सहा गोणी निवडल्या. रोपांची मुळं गुंडाळून आणायला त्या लागणार होत्या. मिठाच्याच गोणी, आमच्याकडं दुसऱ्या असणार कुठल्या? पण मी त्या आपटून आपटून धुतल्या, वाळवल्या, घड्या घातल्या. बापाला दिसायला हवं होतं ना, लेकीच्या घरच्या गोणीसुद्धा कशा स्वच्छ असतात ते.

तांबडं फुटायच्या आत निघालो. पुढच्या गाडीचा कासरा सासूबाईंच्या हातात, मागं मी आणि माझी मोठी जाऊ काशी, म्हणजे धर्माभाऊजींची बायको. मागच्या दोन गाड्यांत शेजारच्या बायका. रिकामे हंडे एकमेकांवर आपटत होते. भात कापल्यावर शेतात उरलेल्या खुंटांचा ओलसर गोड वास यायचा, तो वास मला अजून कुठं भेटलेला नाही. उजाडता उजाडता ठाकुर्लीला आलो. तिथं रेल्वेच्या साहेबांचे बंगले. लाल मातीची वाट, वाटेच्या कडेला तिरप्या रोवलेल्या विटा, त्यांना चुना लावलेला, आणि आत कर्दळीच्या रांगा, पिवळ्या नि शेंदरी. सासूबाईंनी गाडी थांबवली. आम्ही सगळ्या खाली उतरून कुंपणावरून बघायला लागलो.

माळी धावत आला. "गाड्या पुढं घ्या. साहेब बघतील."

"बघू दे," सासूबाई म्हणाल्या. "आमी पन बघतोच हाय."

काशीनं विचारलं, "ह्या झाडांना खायाला काय येतं रं दादा?"

"काही नाही. नुसती शोभेची आहेत."

"मंग तू दिवसभर करतोस काय?"

"पाणी घालतो, बाई."

"ज्याला काय येत नाय त्याला पानी घालतोस आनि आमाला हाकलतोस," काशी म्हणाली. माळ्याला हसू आलं. त्यानं साहेबाच्या खिडकीकडं एकदा पाहिलं आणि आम्हाला आणखी थोडं बघू दिलं.

काशीचं मला नेहमी नवल वाटायचं. नवऱ्याच्या शर्तीविषयी तिनं कधी एक शब्द काढला नाही, ना त्याच्या बाजूनं ना माझ्या. पण गाडीत रोपांसाठी जागा करायची म्हणून स्वतःची गोधडी दुमडून ती अख्खा प्रवास अंग चोरून बसली.

कल्याण तेव्हा कल्याण होतं. आता डोंबिवली कुठं संपते नि कल्याण कुठं सुरू होतं ते रिक्षावाल्यालाही सांगता येत नाही. तेव्हा मध्ये मोकळं रान असायचं आणि गाव दिसायच्या आधी गावाचा वास यायचा. धान्याची धूळ, बैलांचं शेण, इंजिनांचा कोळसा. बाजाराच्या तोंडाशी गाड्या सोडल्या आणि सासूबाई आम्हाला घेऊन सरळ एका हॉटेलात शिरल्या. आम्ही सात बायका. गल्ल्यावरचा माणूस उभाच राहिला.

"बायकांना आत पडद्यामागं जागा आहे," तो म्हणाला.

"पडदा कशाला? आमाला आमचे बैल दिसले पायजेत."

"बाकीचे गिऱ्हाईक बसलेत, मावशी."

"बसू दे. आमी त्यांना उठवत नाय."

बाकावरचे दोन पुरुष आपणहून सरकले. आम्ही बशीतून चहा प्यालो. चहा पातळ होता, गोड मात्र भरपूर. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्यानं करून दिलेला चहा बसून प्याले. आज नातसून मला विचारते, तुमच्या वेळी असं हॉटेलात जायला परवानगी होती का? परवानगी कुणाकडं मागायची असते, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं त्या दिवशी. ठाऊक असतं तर कदाचित मागितली असती, आणि मग चहा राहिला असता.

शहाडला नदी लागली. हंडे भरले, तोंडाला फडकी बांधली. मग वाडीत गेलो. वाडी कल्याणच्या एका व्यापाऱ्याची, पण तिथल्या प्रत्येक झाडाला हात माझ्या बापाचा लागलेला. पाटाचं पाणी, केळीची गार सावली, लिंबाच्या पानांचा वास. मी पाटात पाय सोडून बसले ते उठावंसंच वाटेना. भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, कांदा, आणि बाबांनी दिलेली रताळी, असं जेवण झालं.

"विहीणबाई," बाबा म्हणाले, "माझी पोर काय करते तुमच्याकडं?"

"तुमची पोर भांडते. सुनंचं काम शिकलीय, पन वकिलाचं जास्ती जमतं."

"कुणाशी भांडते?"

"माज्या थोरल्याशी. आनि दोघांचा निरोप्या मी."

बाबांनी खळखळून हसून अकरा रोपं काढून दिली. दोन मोगरे, अनंत, सोनचाफा, लिंबू, तगर, आणखी कायकाय. मी ऐटीत गोणी पुढं केल्या. बाबांनी एक उलटून पाहिली, म्हणाले, "स्वच्छ आहेत हो." पाटाच्या पाण्यात भिजवून त्यांनी मुळांभोवती घट्ट गुंडाळल्या. वर म्हणाले, "यमे, मातीचा काही भरवसा नाही तिथल्या. जगलं तर जगलं. नाहीच जगलं तर मनाला लावून घेऊ नको."

मला राग आला. भाऊजींनी म्हटलं तर सोसलं, पण माझ्या बापानंही? बघा तर खरं, म्हटलं मनात.

परतताना कॅम्पाच्या कडेनं आलो. फाळणीत घरदार टाकून आलेली सिंधी माणसं तिथल्या लांबलचक बराकींत राहत होती. चार-पाच वर्षांत त्यांनी त्या ओसाड जागेचं गाव करायला घेतलं होतं. दाराशी दुकानं, दोरीवर पापड वाळत घातलेले. एका बराकीपुढं वनस्पती तुपाचे रिकामे डबे रांगेनं मांडलेले आणि प्रत्येकात झाड. पुदिना, मिरची, आणि एका डब्यात वीतभर डाळिंब. मी गाडीतून उडीच मारली.

डब्यांची मालकीण माझ्याहून दहा-एक वर्षांनी मोठी, ओढणी डोक्यावरून घेतलेली. तिनं गाडीतली रोपं पाहिली आणि विचारलं, "कहाँ लगाओगी?"

मी सांगितलं. सासूबाईंनी कमरेची पुरचुंडी सोडून आमच्या आगरातलं मीठ तिच्या हातावर ठेवलं, पुरावा म्हणून. तिनं चिमूट जिभेवर टेकवली नि हसली.

"हमारे उधर भी ऐसा था. ज़मीन पे सफ़ेद जम जाता था."

"मंग तुमी काय करायच्या?" सासूबाईंनी मराठीतच विचारलं, आणि तिला ते बरोबर समजलं.

"मिट्टी ऊँची करते थे. बारिश नमक को नीचे ले जाती है. फिर लगाते थे, पहले नहीं." तिनं डाळिंबाचा डबा उचलून माझ्या हातांत ठेवला. "ये ले जा. बारिश तक डब्बे में ही रखना."

सासूबाईंनी पैसे काढले. ती नको म्हणाली. तेव्हा सासूबाईंनी पुरचुंडी पूर्ण तिच्या ओढणीत रिकामी केली. "पापडाला लागंल," म्हणाल्या. ती बाई घर, शेत, विहीर, सगळं मागं टाकून आलेली, आणि तुपाच्या डब्यांत बाग मांडून बसलेली. तिनं एकदाही आपली कहाणी सांगितली नाही. तिचं नावही मी विचारलं नाही. त्या वयात मला लोकांच्या नावांपेक्षा त्यांच्या झाडांची घाई असायची.

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. दुसऱ्या दिवशी बांधावर गोडं पाणी शिंपडलं आणि मी अकरा रोपं लावली. कॅम्पातली बाई म्हणाली होती पावसानंतर, पण होळीला फूल दाखवायचं होतं ना मला. माती उंच करून वरंबा केला, त्यावर रोपं लावली, आणि डाळिंबाचा डबा तेवढा तसाच मधोमध ठेवला.

चार दिवसांत मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपल्या. आठ दिवसांत अनंत गेला. मी विहिरीचं मचूळ पाणी सोडून शेजारून गोडं पाणी मागून आणलं, सावली केली, रडले. दहाव्या दिवशी सासूबाई मागं आल्या. लिंबाचं वाळकं रोप त्यांनी उपटलं. मुळाशी गोणीचा तुकडा अजून चिकटलेला होता. मिठागरात जन्म गेलेली बाई, कुठल्याही गोष्टीची परीक्षा जिभेवर करायची. त्यांनी ते तरट जिभेला लावलं.

"यमे, ह्या गोन्या तू कुठं धुतल्यास?"

"खाडीवर, आई."

बोलले आणि मला माझंच कळलं. मिठाच्या गोणी मी खाऱ्या पाण्यात धुतल्या होत्या आणि वर त्यात मुळं बांधली होती. गोड्या पाण्याची लेक म्हणून मी मिरवत होते, आणि दोन वर्षांत मी इतकी खाडीची झाले होते की धुणं म्हटलं की पाय आपोआप खाडीकडं वळायचे. बापानं मातीवर आळ घेतला, दिरानं मातीवर आळ घेतला. मातीची पाळी यायच्या आधीच मी रोपं मारून ठेवली होती.

सासूबाई आधी हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकदम थांबून म्हणाल्या, "मंजे आमच्या जमिनीनं काय केलं नाय." त्या जमिनीत काही उगवत नाही असं दोन वर्षं त्याच मला सांगत होत्या. पण परक्यानं नावं ठेवलेली त्यांना खपत नव्हती, आणि ह्या बाबतीत माझा बाप परकाच.

डाळिंब डब्यात होतं म्हणून वाचलं. माघात त्याला तांबूस पालवी फुटली. फूल नाही. एवढ्याशा झाडाला कुठून येणार?

आजकालच्या पोरी मला सांगतात, आजी, वास्तव स्वीकारायला शिकावं माणसानं. शिकावं की. पण वास्तव कुणी सांगितलं तेही बघावं. ज्याला तुमच्या जागेवर शेड घालायची आहे त्यानं सांगितलेलं वास्तव जरा सावकाश स्वीकारावं.

होळी झाली. दुसऱ्या दिवशी धर्माभाऊजी खांद्यावर चार बांबू घेऊन मागं आले. पहार आणली होती. मी डाळिंबाला पाणी घालत होते. सासूबाई मागच्या पायरीवर सुकी मासळी निवडत होत्या. काशी दारात उभी राहिली.

"आये, तिला सांग, होळी झाली. फूल दाखव म्हनावं."

"यमे, फूल दाखव म्हनतो."

"आई, भाऊजींना सांगा, फूल नाही."

"नाय म्हनते रं."

"मंग तिला सांग, डबा उचल आनि ओसरीवर ठेव. जमिनीत काय उगवलंय तिचं? जे उगवलंय ते डब्यात."

खरं होतं ते. शब्द न् शब्द खरा होता. मी तांब्या खाली ठेवला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सासूबाईंकडं न वळता भाऊजींकडं बघितलं. दोन वर्षांत त्यांचे डोळे कसे आहेत ते मी पाहिलं नव्हतं. पिंगट होते.

"भाऊजी," मी म्हटलं, "शर्त मी हरले. गावात सांगा हवं तर, यमुना हरली म्हणून. पण जागा मी देत नाही. पावसाला तीन महिने आहेत. पाऊस ह्या मातीतलं मीठ धुऊन काढेल, मग मी हे झाड लावणार आहे. तोवर इथं बांबू रोवलात तर मी उपटीन. पुन्हा रोवलात तर पुन्हा उपटीन."

मी तांब्या उचलला आणि उरलेलं पाणी डाळिंबाला घातलं.

भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं, काशीकडं पाहिलं. काशी दारातून हलली नाही. मग ते आईकडं वळले. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

"आये, ती माज्याशी बोलली."

"मी आयकलं," सासूबाई म्हणाल्या. हातातला बोंबील त्यांनी उलटून बघितला, टोपलीत टाकला. "तू पन आयकलंस ना? मंग आता मला मधी घेऊ नको."

भाऊजींनी पायाशी टाकलेले बांबू पुन्हा खांद्यावर घेतले.

"ते कुठं नेतोस?" सासूबाईंनी विचारलं. "ठेव तितंच. शेळ्या येतात. कुंपन घाल."